शेवटच्या घासाची डबी

५ सप्टेंबर

पोचले एकदाची. ओ'हेअर विमानतळाच्या दारातून बाहेर पडले तर समोर ताई, हातात पुठ्ठ्याची पाटी: ‘आशू, लोणचं आणलंस का?’ मराठी वाचता येणारं आसपास कुणी नव्हतं, तरी तिच्या तोंडाकडे बघून लोक हसत होते. लोणचं आणलं होतं. कस्टमवाल्यांच्या नजरेतून ते सुटलं हे ऐकून तिने जी मिठी मारली, तशी मी दहावी पास झाले तेव्हासुद्धा मारली नव्हती.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, ऑफिसच्या नोंदी इंग्रजीतच करशील, निदान एक वही मराठीत लिही, नाहीतर दोन वर्षांत नीनासारखी बोलायला लागशील. नीना म्हणजे तिची मुलगी. मिलवॉकीच्या एका शाळेत मुलांना बँड शिकवते. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, भांडणं मात्र दोन्ही भाषांत होतात. उल्हासभावजी नीना शाळेत असतानाच वेगळे झाले, आता फ्रिस्कोला असतात. त्यांचा विषय निघत नाही.

ताईचं घर डेव्हन ॲव्हेन्यूला लागून, मिठाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की खव्याचा वास. दुपारी खाली जाऊन आम्ही कढीपत्ता, भाकरीचं पीठ आणि माझ्यासाठी जाड मोजे घेतले. तिचे केस परत दाट झालेत. ऑगस्टचा स्कॅन क्लीन आला हे फोनवर ऐकलं होतं, पण विश्वास आज बसला, ती काच खाली करून, केस उडवत, मोठ्याने गात ड्राइव्ह करत होती तेव्हा.

११ सप्टेंबर

म्युझियम सुरेख आहे. तळ्याच्या काठाने बस उत्तरेला जाते. तिथे जुनी सेमिनरी आहे, पाद्री घडवण्याची शाळा. ती कधीच बंद पडली. तिच्या एका भागात हे छोटं म्युझियम. एका घराण्याने आपल्या संग्रहातली चर्चची चांदी त्यांना दिली आहे, सगळी युरोपातली, रेनेसान्सच्या काळातली. ईस्टरला प्रदर्शन आहे. तोवर सगळं साफ करून, तपासून, टिकेल असं करून ठेवायचं हे माझं काम. नागपूरच्या घरात मी जुनी नाणी चिंचेने घासायची आणि ताईचा मार खायची, त्याचा शेवट असा पगारी नोकरीत झाला.

चांदी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर निरांजन आणि अत्तरदाणी येते. इथे वाइनचे प्याले आहेत, त्यांचे पाय सहा पाकळ्यांच्या फुलासारखे. पवित्र तेलाच्या कुप्या, साखळ्यांचं धुपाटणं, भाकरीच्या लहान थाळ्या. प्रत्येकावर इतकं बारीक काम की सोनाराने डोळे गहाण टाकले असतील.

माणसं दोनच. फादर ग्रॅबोव्स्की, म्युझियमचे प्रमुख, खूप म्हातारे, स्वेटरवर कायम पावाचे कण. आणि मिस्टर डॉब्सन, पहारेकरी. जड पेटी मला उचलू देत नाहीत.

२४ सप्टेंबर

आज एक वेगळी वस्तू हाताला लागली. मुठीत मावेल अशी गोल डबी, कुंकवाच्या करंड्यासारखी. झाकणाला मागे बिजागरी, पुढे अडकवायला बारीक खिळी, टोकावर क्रूस. इतकी काळी पडलेली की लोखंड वाटावं. खडूची भुकटी पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने बूड पुसलं तेव्हा छाप वर आला, पाइनचं बोंड. म्हणजे ऑग्सबर्गची, जर्मनीतली. आतून सोन्याचा मुलामा आहे, तो मात्र काल दिल्यासारखा.

फादर म्हणाले, ही पिक्स. कुणी मरणाला टेकलं की पाद्री चर्चमधून मंत्रलेली भाकरी हिच्यातून त्या घरी घेऊन जायचा. माणसाचा शेवटचा घास. मी त्यांना सांगितलं की आमच्यात तोंडात गंगाजळ आणि तुळशीचं पान घालतात. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, डबी गल्लीतून जायची तेव्हा पुढे एक जण घंटी वाजवायचा, आणि लोक टोप्या काढून उभे राहायचे, कुणी गुडघ्यांवर बसायचे. कुणीतरी निघालंय हे त्यांना कळायचं.

मला आईचं जाणं आठवलं. ती गेली तेव्हा मी बालवाडीत होते. तिच्या तोंडात पाणी ताईने घातलं. मला शेजारच्या काकूंकडे पाठवलं होतं. नंतर ताई न्यायला आली, तिने माझी वेणी घातली आणि त्या दिवसापासून ती माझी आईच झाली.

भिंगाखाली एक गोष्ट दिसली. झाकणाच्या कडेने सगळीकडे शिशाच्या झाळीचे राखी कण आहेत. कुणीतरी ही डबी एकदा झाळून पक्की बंद केली होती. सोनाराचं काम नव्हे. घाईचं, थरथरत्या हाताचं. आणि त्या झाळीवर छिन्नीचे घाव. म्हणजे नंतर कुणीतरी ती फोडून उघडली. रिपोर्टमध्ये लिहिलं: जुनी, निकृष्ट दुरुस्ती.

६ ऑक्टोबर

आज म्युझियमचा ओपन डे. ताई निळी इरकल नेसून आली आणि सगळ्या पाहुण्यांत उठून दिसली. मिस्टर डॉब्सननी डबी कपाटातून काढून आणली, फादरनी ती ताईच्या हातात ठेवली. तिने वजन केल्यासारखं करून बघितली आणि मला म्हणाली, “एक पेढा मावेल गं फक्त.” फादरना भाषांतर करून सांगितलं तर ते खोकला येईपर्यंत हसले.

नीनाच्या शाळेत कॉन्सर्ट होती म्हणून ती आली नाही. ताईने तिला फोटो पाठवले, तिचं उत्तर आलं, ‘क्यूट बॉक्स’.

परतताना ताई पायऱ्यांवर थांबली, कमरेवर हात ठेवून. म्हणाली, साडीची सवय गेली.

१९ ऑक्टोबर

मिस्टर डॉब्सन गेले. गुरुवारी दुपारी, घरी, पेपर वाचता वाचता खुर्चीतच. फादर म्हणाले, असं मरण सगळ्यांना मिळत नाही.

गुरुवारी दुपारीच मी स्वतःवर चिडले होते. कुलूप लावलेल्या कपाटात डबीचं झाकण सताड उघडं होतं. मी खिळी लावायला विसरले असणार. मी असं विसरत नाही.

१० नोव्हेंबर

ताई पोळ्या लाटत होती. लाटता लाटता म्हणाली की कमरेचं दुखणं साडीचं नव्हतं. लिव्हरमध्ये आहे आणि मणक्यात आहे. पोळी तव्यावर टाकली, फुगली, तिने ती माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, गरम आहे तोवर खा.

मी खाल्ली.

नीना तिन्हीसांजेला आली. आईला धरून बसली. आज भांडण झालं नाही कुठल्याच भाषेत.

३ डिसेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ताईची आज केमो होती, नीना सुट्टी घेऊन तिच्यासोबत गेली होती. मी कामावर. भर दुपार, खिडकीतून बर्फावरचं ऊन टेबलावर येत होतं. डबी समोर होती, बंद, खिळी लावलेली. खिळी सरकली. कुणी हात लावला नाही. मी हातभर लांब होते. मग झाकण उचललं जाऊ लागलं, सावकाश, झोपेतून पापणी उघडावी तसं.

मी दोन्ही तळव्यांनी ते दाबलं. का दाबलं, माहीत नाही. झाकण खालून रेटत होतं. चांदी गरम झाली होती. मी टेबलावर सगळं अंग टाकून धरून ठेवलं, मग ते थंड पडलं आणि रेटायचं थांबलं.

फोन वाजला. नीना रडत होती. मम्मी खुर्चीतच थांबली, मावशी, तिचा श्वास थांबला होता, नर्सेस धावत आल्या. आणि मग आपोआप परत आला. डॉक्टरना पण कळलं नाही कसा.

मला कळलं.

४ डिसेंबर

फादरना सगळं सांगितलं. डॉब्सनचं, कालचं. डॉब्सननी ती हातात घेतली होती, ताईने घेतली होती. जो ती हातात घेतो त्याच्यासाठी ती उघडते, त्याची वेळ आली की. फादर हसले नाहीत. बराच वेळ स्वेटरवरचे कण वेचत बसले. मग म्हणाले, मुली, मीसुद्धा ती कितीदा हातात घेतली आहे. ती कपाटात ठेव आणि घरी जा. डबीजवळ बसू नकोस, बहिणीजवळ बस.

मी मान हलवली. नंतर डबीभोवती जाड सुती दोरा गुंडाळून गाठ मारली.

१७ डिसेंबर

आज सकाळी दोरा तुटलेला होता. एकेक पदर ताणून तुटलेला. झाकण नखभर वर आलं होतं. घरी फोन केला. ताईला उलट्या होऊन ग्लानी आली होती, तिच्याजवळ राहायला आलेली नीना ॲम्ब्युलन्स बोलावत होती.

मी झाकण अंगठ्याने दाबलं आणि दुसऱ्या हाताने सोल्डरिंगची लेखणी तापवली. पाचशे वर्षांची वस्तू. आमच्या धंद्यात असं करणाऱ्याला परत कुणी हातात चमचासुद्धा देणार नाही. कडेने सगळीकडून शिसं फिरवलं. जुन्या झाळीच्या खुणांवर माझी झाळ बसत गेली, त्याच घाईची, तशाच थरथरत्या हाताची. आपल्याकडे गंगेचा गडू झाळलेला असतो तसं गच्च बंद केलं.

ॲम्ब्युलन्स आली तोवर ताई उठून बसली होती. तिने त्यांना चहा विचारला.

२ जानेवारी

नवीन वर्ष. ताई आहे.

डॉक्टरांनी केमो थांबवली. म्हणाले, आता घरीच ठेवा, वेदना होऊ नयेत एवढं बघू, फार वेळ नाही. नीना पार्किंगमध्ये ढसाढसा रडली. मी तिला जवळ घेतलं आणि मनात म्हटलं, रडू नकोस गं वेडे, ती कुठे जात नाही. मी बंदोबस्त केलाय.

काल ताईने मला नारळीभात करायला शिकवला, पलंगावरून ओरडून ओरडून. गूळ जास्त झाला. आम्ही दोघी खूप हसलो. तिने दोन घास खाल्ले.

१९ जानेवारी

मी रजा घेतली आहे. झाळलेली डबी म्युझियममध्ये कुणाच्या नजरेस पडेल म्हणून आज घरी आणली. चोरीच आहे ही. पर्समध्ये, ओढणीत गुंडाळून.

बसमध्ये एक म्हातारा समोर बसला होता. मी चढले तसा तो उठून उभा राहिला, डोक्यावरची लोकरी टोपी काढून छातीशी धरली. मला वाटलं, जागा देतोय. मी बसले तरी तो उभाच. मग ड्रायव्हरच्या मागची बाई उभी राहिली. मग एक कॉलेजचा मुलगा, कानातले इयरफोन काढून. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आपण का उभे राहिलो हे त्यांना माहीत नसावं. डेव्हनपर्यंत सगळी बस उभी होती.

मी एक स्टॉप आधीच उतरले.

२५ जानेवारी

ताई काही खात नाही. पाणीसुद्धा ओठांतून परत येतं. झोपत नाही. हॉस्पिसची नर्स डेनिस येते, मॉर्फिन वाढवते. ते लागूच पडत नाही. ताई म्हणते, आशू, अंगात कुणीतरी दिवा लावून ठेवलाय, तो विझव ना, मला डोळे मिटायचेत.

मी तिचे पाय चोळते. पाय गार आहेत. चोळूनही गारच राहतात.

३० जानेवारी

डेनिसने ताईच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. खूप वेळ ऐकलं. जागा बदलून परत ऐकलं. मग स्वयंपाकघरात गेली, तो स्वतःच्या छातीला लावून बघितला. परत आली तेव्हा चेहरा पांढरा. ताईने तिला इंग्रजीत विचारलं, काय झालं डिअर, तुला बरं नाही का?

डेनिस कोट न घालताच बर्फात निघून गेली. ऑफिसमधून फोन आला, दुसरी नर्स पाठवतो. मी नको म्हटलं. सगळं कॅन्सल केलं.

१ फेब्रुवारी

आता लक्षात आलं. ताई श्वास घेतच नाही. बोलायचं असलं तरच घेते. एक वाक्य बोलायला एक श्वास. बाकी वेळ छाती हलत नाही, डोळे उघडे. मी खोलीत आले की बुबुळं माझ्याकडे वळतात.

नखं निळी. पाठ निळी. वास येतोय. खालून खव्याचा वास येतो त्यात तो मिसळतो. मी उदबत्ती लावते.

नीनाला सांगितलं, या शनिवारी येऊ नकोस, मम्मीला इन्फेक्शन आहे. ती ओरडली. “मावशी, शी इज माय मदर!” मी फोन ठेवला.

४ फेब्रुवारी

म्हाताऱ्या पाद्र्यांच्या वृद्धाश्रमातून फोन. फादरना न्यूमोनिया झालाय. भेटायला बोलावताहेत.

गेले. खोलीत दोन म्हातारे पाद्री भिंतीकडे तोंड करून जप करत होते. पलंगाकडे बघत नव्हते. फादर उताणे, डोळे उघडे, छाती स्थिर. त्यांच्या तोंडात भाकरीचा तुकडा ठेवला होता, तो तसाच जिभेवर होता, वाळलेला. मला बघून त्यांनी श्वास ओढला. दार ओढल्यासारखा आवाज झाला.

म्हणाले, तू बंद केलीस ना.

मी रडले. सांगितलं, मला तीच एक आहे. आई आठवत नाही मला, हीच आठवते. कशी उघडू?

त्यांनी दुसरा श्वास ओढला. म्हणाले, पहिल्यांदा ज्याने बंद केली त्यालाही कुणीतरी होतंच. मग त्यानेच फोडली. का, ते तू विचारलं नाहीस.

तिसरा श्वास नाही. नुसते डोळे.

७ फेब्रुवारी

उघडणार नाही. उद्या. उद्या बघू.

ताई सकाळपासून एकच शब्द. श्वास, “आशू.” श्वास, “आशू.” दुपारी मी कानांवर उशी धरून बाथरूममध्ये बसले. मी. तिच्यापासून लपून.

८ फेब्रुवारी

आज तिच्या शेजारी आडवी झाले. लहानपणी झोपायचे तशी, तिच्या दंडावर डोकं ठेवून. दंड ओल्या मातीसारखा होता. तरी ठेवलं.

ती बोलली. प्रत्येक वाक्याला श्वास ओढत. “आईच्या वेळी मी होते. माझ्या वेळी तू आहेस. आणखी काय पाहिजे गं. जाऊ दे आता मला.”

मी म्हटलं, मी एकटी पडेन.

मग श्वास. “हो,” ती म्हणाली. “पडशील.”

खोटं नाही बोलली. माझ्याशी कधीच नाही बोलली.

९ फेब्रुवारी

ताई गेली.

नीना न सांगताच सकाळी आली. आईला बघून किंचाळली, आईने “बाळा” म्हटलं तेव्हा आणखी किंचाळली. मी तिला सगळं सांगितलं, डबी दाखवली. तिने मला मारलं. जोरात, खांद्यावर, तोंडावर. मग म्हणाली, “ओपन इट. ओपन इट राइट नाऊ.”

डबी टेबलावरून निसटत होती. नीनाने ती दोन्ही हातांत घट्ट धरली, मी छिन्नी लावली. एकदा घसरली, तिच्या अंगठ्याला लागली, चांदीवर रक्त आलं. ती सोडेना. झाळ तडकली. झाकण आपण होऊन वर गेलं. आत काही नव्हतं. नुसतं सोनं.

ताईने श्वास घेतला. लांब. मी वाट बघितली ती काय बोलते. काही बोलायला घेतलाच नव्हता तो. सोडला, आणि डोळे मिटले. किती दिवसांनी मिटलेले बघितले ते डोळे.

गंगाजळ घरात नव्हतं. नळाचं पाणी, चमच्याने, मी घातलं. आत गेलं.

फादरही गेले. त्याच वेळी. फोन आला होता.

१२ फेब्रुवारी

काल अंत्यविधी. उल्हासभावजी आले, मागे उभे राहून रडले. निळी इरकल नेसवली. विद्युतदाहिनीचं बटण नीनाने दाबलं, माझा हात तिच्या हातावर होता.

घरी तिची चप्पल दाराशी. उचलवत नाही.

नीनाने मला माफ केलेलं नाही. पण आज तिने माझे केस विंचरले. ताईसारखीच ओढते, मुळापासून. ती उद्या सकाळी मिलवॉकीला जाईल, शाळा आहे. शुक्रवारी परत येते म्हणाली. मराठीत म्हणाली.

डबी उद्या म्युझियमला परत करणार. जे केलं ते लिहून देणार.

१३ फेब्रुवारी

नीना मघाशी निघाली. बर्फ पडतंय. हायवेवर असेल आता.

डबी टेबलावर होती, पर्समध्ये ठेवायला घेतली आणि खिळी —

वर येतंय. दाबून धरलंय. डाव्या हाताने. गरम आहे.

कुणासाठी? ताई गेली. फादर गेले. हातात घेतलेली आता मीच — माझ्यासाठी असेल. असू दे, माझ्यासाठी असेल तर सोडते आत्ता. आनंदाने —

नीनाने धरली होती. दोन्ही हातांनी. तिचं रक्त —

लिहितेय म्हणजे डोकं जागेवर राहील. विचार कर आशू. माझ्यासाठी असेल तर सोड. तिच्यासाठी असेल तर धर. पण धरलं तर ताईसारखं. गाडीत, बर्फात, मोडलेली, आणि मरता न येणारी. श्वास घेऊन मावशी, श्वास घेऊन मावशी — नाही. सोडलं तर —

चोवीस वर्षांची आहे ती. काल माझे केस —

फोन वाजतोय. आत, ताईच्या पलंगावर राहिला. कोण. नीना तूच का. तू असलीस तर बरी आहेस, तर हे माझ्यासाठी. नर्स असली तर, पोलीस असले तर —

थांबला.

परत वाजतोय.

रेटतंय. ताईच्या वेळेपेक्षा जोरात. एका हाताने राहत नाही. दोन्ही हात ला